इथे तिला गंगा म्हणतात

सिरोंचाहून निघाले तेव्हा सोबत एकच स्वेटर होता,
तोही सुगुणक्काचा, कोपरावर उसवलेला.
दोन एसट्या, एक रात्रगाडी,
आणि पहाटे नाशिकरोडला उतरले
तर तोंडातून वाफ.
मी पुन्हा पुन्हा श्वास सोडून पाहिला.
शेजारचा हमाल म्हणाला, ताई, चहा घ्या.

खोली सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या आत,
तीन वळणं, एक पिठाची गिरणी, मग निळं गेट.
गिरणी बंद होती त्या दिवशी
मी दुसऱ्याच निळ्या गेटापाशी किल्ली लावत बसले.
रूममेट हेमांगी देवरे, सटाण्याकडची.
ती घरी फोनवर बोलते ते मला कळत नाही,
मी बोलते ते तिला.
म्हणून आम्ही दोघी एकमेकींशी
पुस्तकातलं मराठी बोलतो,
परक्या घरात चपला बाहेर काढून
आत यावं तसं.

भाड्याच्या करारावर एजंटने लिहिलं, सिरोंजा.
मी म्हटलं, च. चमच्यातला.
तो म्हणाला, म्हणजे आंध्रात ना?
महाराष्ट्रात.
खरंच?
खरंच, म्हटलं,
आणि कुणास ठाऊक का,
आधार कार्ड काढून दाखवलं.

वॉर्डात सगळे बरे आहेत.
थोरात सिस्टर म्हणतात, तुझा ळ छान आहे,
जपून ठेव.
अकरा नंबरच्या बाईंनी सलाईन लावताना विचारलं,
तुम्ही कुठल्या?
सिडको, म्हटलं.
तिसराच दिवस,
आणि जीभ जराही अडखळली नाही.

मेसच्या डब्यात चार पोळ्या.
भात वाटीच्या तळाशी, औषधाएवढा.
अम्मा रोज रात्री तेच विचारते,
अन्नं तिन्नावा?
तिच्या बोलीत अन्न म्हणजे भातच.
हो म्हणते.
चार पोळ्यांना काय म्हणायचं
ते तिला समजावत बसत नाही.

रविवारी घरमालक पिंगळे काका म्हणाले,
सुट्टी आहे ना, जरा गंगेवर जाऊन या.
गंगेवर? एका दिवसात?
परत कधी येणार, सोमवारी सकाळची ड्यूटी आहे.
हेमांगी इतकी हसली की तिला उचकी लागली.
अगं, गोदावरी. इथे तिला गंगा म्हणतात.

आम्ही गोदारी म्हणतो.
आमच्याकडे पल्याडचा माणूस मुंगीएवढा दिसतो
आणि तो दुसऱ्या राज्यात असतो.
पुराच्या दिवसांत तोही दिसत नाही,
त्याचं राज्यही नाही.
पूल होईस्तोवर नान्ना डोंगा घालायचा.
आता डोंगा अंगणात उपडा पडलाय,
त्याच्या पाठीवर मिरच्या वाळतात.

आणि इथे ती
पायऱ्यापायऱ्यांतून, सिमेंटच्या कुशीतून,
हिरवट, कमरेएवढी.
कुणी गोधडी धुतंय, कुणी रिक्षा.
एका पोराने भावाची चप्पल भिरकावली
ती सरळ पलीकडे जाऊन पडली.
पलीकडे!
मी छोट्या पुलावरून मोजत गेले.
चौसष्ट पावलं.
परत येताना एकसष्ट.

फोन लावला. अम्मा, गोदारीवर आहे.
केवढी आहे तिथे?
सांगितलं.
बराच वेळ नुसता अंगणातला कोंबडा ऐकू आला.
मग म्हणाली,
म्हणजे लहान आहे अजून.
आणि फोन ठेवता ठेवता,
थंडीत पाण्यात हात घालू नकोस.

घातला होता आधीच.
घड्याळही काढलं नव्हतं.

काठावरच्या बाजारात तांदूळ घेतले, दोन किलो,
आणि चिंच.
आठवडाभर प्रत्येक रिक्षावाला
कुठे, असं दोनदा विचारत होता.
आज मी म्हटलं, त्रिमूर्ती.
तो म्हणाला,
बसा, तेवढी पिशवी मांडीवर घ्या.